झोल्तानरावांचं गोत्र

सुलूनं हंगेरियन माणसाशी लग्न केलं, याचा आमच्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींना फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्या माणसाच्या नावाला विभक्ती कशी लावायची याचा.

नाव झोल्तान, आडनाव सेकेरेश. त्यांच्या देशात म्हणे आपल्या शाळेतल्या हजेरीसारखं आडनाव आधी आणि नाव मागून. अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरच्या साहेबानं ते उलटं करून टाकलं. सुलू म्हणजे सुलभा, माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. मायक्रोबायॉलॉजी शिकायला आली आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवर हा टकला, फावड्यासारख्या हातांचा माणूस गाठून बसली. हे गृहस्थ नोव्हाय गावाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये साचे बनवायचे. गाडीच्या दाराचा हँडल ज्या साच्यातून निघतो, तो साचा. दुसरं काही विचाराल तर दोन शब्दांत उत्तर, पण हँडलविषयी विचाराल तर रविवार गेलाच म्हणून समजा.

तर विभक्ती. एका पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी सहज म्हटलं, "झोल्तानला वडे वाढ गं." तर शेजारून एक बाई म्हणाल्या, "झोल्तानाला." झालं. आमच्याकडे पुणं, नागपूर, मुंबई, सातारा सगळी गावं एका टेबलाशी बसलेली. वडे गार झाले, पण एकानं माघार घेतली नाही. शेवटी उल्हास उठला. उल्हास म्हणजे मोटार कंपनीतला धातुशास्त्रज्ञ, शनिवार-रविवार आमचा भटजी आणि आठवडाभर सर्वज्ञ. म्हणाला, "माणसाच्या नावाचं सामान्यरूप होत नाही. आपण विक्रमला म्हणतो, विक्रमाला नाही म्हणत."

"मग रामाला कसं म्हणता हो?" मी विचारलं.

"तो देव आहे."

"आणि आमच्या घरी सखारामाला हाक मारायचे, तो तर पाणी भरायचा."

उल्हासनं जरा विचार केला. "देवाला आणि गड्याला आकार लागतो. मधल्या लोकांना नाही."

आता सुलूच्या नवऱ्याला देवात घालायचं की गड्यात, यावर पुन्हा पाऊण तास. मला भूक लागली होती आणि भूक लागली की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "राव लावा. झोल्तानराव. झोल्तानरावांना, झोल्तानरावांचं, झोल्तानरावांनी. संपलं! आता जेवा मुकाट्यानं." तेव्हापासून तो माणूस सगळ्या मिशिगनचा झोल्तानराव झाला. पोरांचा झोल्तानकाका.

एवढा वेळ ते स्वतः वडा खात ऐकत होते. मग बोट पुसून म्हणाले, "आमच्याकडे पण शेपूट असतो. झोल्तानला म्हणजे झोल्ताननक. सुलभाला म्हणजे सुलभानक." त्यांना मराठीचं फार कौतुक. इंग्रजीत शब्दाची सगळी शेपटं छाटून टाकलीत, कुत्र्याची छाटतात तशी, असं त्यांचं म्हणणं. फक्त एका गोष्टीत मराठीनं त्यांना कायम दगा दिला. हंगेरियनमध्ये तो आणि ती असा भेदच नाही. त्यामुळे "सुलभा आला", "गाडी बिघडला", आणि स्वतः मात्र "मी दमली." सुरुवातीला सुलू दुरुस्त करायची, पण पुढे तिनं नाद सोडला.

त्या नावाचं मूळही असंच एकदा चव्हाट्यावर आलं. सुलूची आई साताऱ्याहून आली होती. जावई कसाही असो, नावाचा अर्थ काय हे कळलंच पाहिजे. झोल्तानरावांनी छाती काढून सांगितलं की आमच्याकडचे जाणकार म्हणतात, हे मुळात तुर्की लोकांकडून आलं, सुलतान म्हणजे झोल्तान. म्हातारीच्या हातातला चहा सांडला. "अगो बाई! आसमानी संकट काय कमी होतं, आता सुलतानी पण?" मग सुलूनं समजावलं की ते अगदी जुनं, हजारएक वर्षांपूर्वीच्या कुणा राजाचं नाव, तेव्हा कुठं ती शांत झाली. साताऱ्याला परत जाऊन तिनं गल्लीत सांगितलं की आमचे जावई राजघराण्यातले आहेत, हौस म्हणून वर्कशॉपात जातात.

देवाधर्माशी झोल्तानरावांचं जमायचं नाही. सत्यनारायण असला की ते गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बिअर पीत बसायचे, आणि आमचे हे "जरा गाडीतून काही आणतो" म्हणून तिकडे सटकायचे. शिरा मात्र दोघांनाही दोन-दोन वाट्या लागायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "कथा ऐकायची नाही आणि प्रसाद बरा चालतो?" तर म्हणाले, "पाद्री, कम्युनिस्ट पार्टी, पोलीस, सगळ्यांनी मला रांगेत उभं केला. आता मी फक्त जेवणाच्या रांगेत उभी राहते."

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. दिसायला बापासारखी, बोलायला आईसारखी. शहाऐंशी साली तिचं लग्न ठरलं. मुलगा श्रीरंग, फ्रीमाँटचा, कॉम्प्युटरवाला. त्याची आई कांचनताई फोनवरच म्हणाल्या, "लग्न अगदी आपल्या पद्धतीनं हं, कन्यादान वगैरे सगळं." मुलीचे वडील कोण आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते "वगैरे" जरा लांबवलं होतं. सुलूनं होकार भरला, आणि झोल्तानराव बिथरले.

"दान?" ते म्हणाले. "माझा मुलगी काय जुना सोफा आहे? दान करायचं असेल तर उल्हासला सांग. मी गॅरेजमध्ये बसते."

नंदा रडायला लागली. "डॅड, आय वाँट यू देअर. बस, दॅट्स ऑल." पण झोल्तानरावांची मान हलेना. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलेना. मला सुलूचा फोन आला, "पद्मजा, तू ये. मी याला आता मारीन." मी गेले.

झोल्तानराव स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. घरात भांडण झालं की ते बटाटे सोलतात. गरज असो नसो, टोपलीभर. सुलू एका कडेला उभी राहून, शेवटचं सांगते अशा आवाजात सांगत होती, "अरे, तुला काही करायचं नाहीये. नुसतं बसायचं. भटजी संकल्प म्हणतात. मुलीच्या पणजोबांचं नाव, आजोबांचं नाव, बापाचं नाव. यांची पणती, यांची नात, यांची मुलगी. मग मी पाणी सोडते आणि संपलं."

सुरी थांबली. "माझा वडिलांचं नाव?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो रे, मोठ्यानंच. सगळ्यांसमोर."

मग त्यांनी सांगितलं. वडिलांचं नाव मिहाय. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात गावात रशियन सैन्य आलं. त्यांनी गावातल्या पुरुषांना चौकात बोलावलं आणि एका सैनिकानं नावं वाचली. झोल्तानराव तेव्हा नऊ वर्षांचे, आईच्या कोटाला धरून उभे. थोडेच दिवस कामाला न्यायचं आहे, असं सांगितलं होतं. मिहाय परत आले नाहीत. कुठं नेलं, कुठं पुरलं, काही कळलं नाही. विचारायचीही सोय नव्हती, विचारणाऱ्याचं नाव उद्याच्या यादीत. भीतीनं आईनं घरात ते नाव घेणंच सोडलं. पुढे छपन्न साली झोल्तानराव सरहद्द ओलांडून पळाले, मागे गावात आई वारली. "मग कुणी घ्यायचा नाव? इथं कुणी ओळखत नाही," ते म्हणाले. "शेवटचं मोठ्यानं नाव घेतला, तो त्या सैनिकानं."

मी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण बोट कापलं होतं आणि त्यांना कळलंही नव्हतं.

"मी बसते," झोल्तानराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उल्हासला बोलावलं. तो आला तो थेट गोत्रावर. "गोत्र माहीत नसलं की काश्यप. सगळी सृष्टी कश्यपाची."

"बेडूक पण?"

"बेडूकसुद्धा."

"चालेल," झोल्तानराव म्हणाले. "पण नाव बरोबर पाहिजे."

मग नावं. झोल्तानरावांचे आजोबा गेर्गेय. उल्हास खूश. "वा! गांगेय, कौंतेय, गेर्गेय. अगदी बसतंय. गेर्गेयस्य प्रपौत्रीम्, मिहायस्य पौत्रीम्, झोल्तानस्य पुत्रीम्. पुढे शर्मा लावायचं की वर्मा, त्या भानगडीत पडायला नको." झोल्तानरावांनी विचारलं, हे 'स्य' काय? उल्हास म्हणाला, षष्ठी, म्हणजे 'चा'. मिहायची नात. झोल्तानरावांनी मान डोलावली. शेपूट लागलं म्हणजे माणूस वाक्यात आला, हे त्यांना पटलं. उल्हासनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "अगदी विभक्तीसकट म्हणतो. काळजी नको." पुढचे दिवस झोल्तानराव वर्कशॉपात लेथसमोर "मिहायस्य, मिहायस्य" करत होते. शेजारच्या मशीनवरच्या पोलिश माणसाला वाटलं, याला बायकोनं कुठल्या तरी पंथात घेतलं.

आता इथं उल्हासचं गुपित सांगायला हवं. गुपित कसलं, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं स्वतःचं संस्कृत अथर्वशीर्षापर्यंत. पुढचं सगळं कॅसेटवर. डोंबिवलीच्या मामानं संपूर्ण विवाहविधी रेकॉर्ड करून पाठवला होता, बाजू अ आणि बाजू ब. उल्हास प्लेअर पाटाशेजारी ठेवायचा, बटण दाबायचा आणि आपण नुसते हात दाखवायचा. "आता अक्षता. आता पाणी. आता नमस्कार." डेट्रॉइटच्या आसपासची सगळी लग्नं त्याच कॅसेटवर लागलेली. आमच्या लेकीचंसुद्धा.

नोव्हायच्या शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. बास्केटबॉलच्या जाळीला आंब्याच्या डहाळ्या, म्हणजे आंब्याच्या नव्हेत, मेपलच्या. कांचनताई पुण्याच्या पंचांगातून इथला मुहूर्त काढून आल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघून उसासा टाकत होत्या. झोल्तानराव मात्र काय दिसत होते! सुलूनं सोवळं नेसवलं होतं, त्याच्या आत त्यांनी धीर म्हणून वर्कशॉपाचा पट्टा बांधला होता. उघड्या छातीवर उपरणं. आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "बघ, गॅरेजमधला माझा जोडीदार गेला."

सगळं छान चाललं होतं. कन्यादानाला बसले. श्रीरंगच्या ओंजळीवर नंदाची ओंजळ, खाली झोल्तानरावांचे ते फावड्यासारखे हात. सुलू तांब्या घेऊन शेजारी. तेवढ्यात शाळेचा केअरटेकर आला. पुढे होम होणार हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि जिममध्ये आग चालणार नाही म्हणून तो अडून बसला. उल्हास उठला. "चालू द्या, दोन मिनिटांत आलो," म्हणून गेला तो गेलाच. कॅसेट चालूच. फोटोग्राफर म्हणतोय, इकडे बघा. कांचनताई म्हणतायत, पदर नीट घे. बायका साड्यांचं बोलतायत. कॅसेटकडे कुणाचंही लक्ष नाही. कधी असतं?

आणि डोंबिवलीचे मामा त्या धीरगंभीर आवाजात म्हणाले, "विनायकस्य प्रपौत्रीम्, गजाननस्य पौत्रीम्..."

खट्. झोल्तानरावांनी ओल्या बोटानं बटण दाबलं होतं.

"विनायक कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मोठ्यानं नाही विचारलं. पण हॉल असा गप्प झाला की बाहेर केअरटेकरला शपथा घालणारा उल्हास ऐकू यायला लागला. मग एकदम सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. मामांना म्हणे नुसतं 'अमुक अमुक' म्हणणं शुभकार्यात बरं वाटेना. त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातलाच संकल्प जसाच्या तसा म्हणून टाकला होता. हे नंतर फोनवर कळलं. पण तेव्हाच एवढं सगळ्यांना कळून चुकलं की इतकी वर्षं मिशिगनमध्ये लग्न झालेली एकूणएक मुलगी ही डोंबिवलीच्या कुणा विनायकाची पणती म्हणून दिली गेली.

"म्हणजे मीपण?" मागून माझीच लेक.

"म्हणजे मी दान केलंच नाही?" आमचे हे म्हणाले. "मग परत मागता येईल का? हल्ली ती फोनसुद्धा करत नाही."

एक हसला, मग दोन, मग बायकांनी पदर तोंडात कोंबले. मीही हसत होते. माझं लक्ष झोल्तानरावांकडे गेलं. ते हसत नव्हते. ओले हात तसेच पुढे धरून प्लेअरकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

"हा माझा वडील नाही," ते म्हणाले.

उल्हास धावत आला. काय झालं ते त्याला चौघांनी एकदम सांगितलं. तो ओशाळला, पण सर्वज्ञ माणूस, लगेच सावरला. "अहो, चालतं हो. देवाला सगळं कळतं. शेवटी भावना महत्त्वाची."

"मुहूर्त टळतोय," कांचनताई म्हणाल्या. "पुढे न्या ना कॅसेट."

तिथं माझा तोल गेला. "भावना गेली चुलीत आणि मुहूर्त गेला तिच्या मागं! उल्हास, तू या माणसाला शब्द दिला होतास. त्याच्या बापाला माती मिळाली नाही, तेरावं नाही, दगडावर नाव नाही. एक नाव घ्यायला सांगितलं होतं तुला, ते डोंबिवलीवर ढकलून तू केअरटेकरशी गप्पा मारतोस? बस इथं. आणि तोंडानं म्हण."

सुलूनं माझा हात दाबला. गप्प बस म्हणून दाबला की शाबास म्हणून, मला कळलं नाही, मी काही गप्प बसले नाही. "आणि कांचनताई, तुमचा मुलगा आणि तुमची सून दोघं इथंच आहेत, मुहूर्ताबरोबर पळून जात नाहीत."

कांचनताई काही बोलणार होत्या. त्याआधी श्रीरंगच म्हणाला, "आई, थांब ना." आणि नंदा, ओंजळ तशीच धरून, म्हणाली, "उल्हासकाका, प्लीज. से इट."

उल्हासनं प्लेअरची वायरच काढून टाकली. मांडी घालून बसला. त्याला घाम फुटला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो आधाराशिवाय भटजी होत होता. मंत्राची सुरुवात त्यानं दोनदा चुकवली. मग मामाचा पुढचा-मागचा सगळा थाट सोडून दिला आणि झोल्तानरावांना विचारलं, "आजोबांचं नाव सांगा."

"गेर्गेय."

"वडिलांचं?"

झोल्तानरावांनी नंदाकडे बघितलं. "मिहाय," ते म्हणाले. त्यांच्याकडच्या पद्धतीनं, पहिल्या अक्षरावर सगळा जोर देऊन.

उल्हासनं डोळे मिटले. "काश्यपगोत्रोत्पन्नस्य गेर्गेयस्य प्रपौत्रीम्," तो म्हणाला, आणि त्याचा तो पॉटलकमध्ये सगळ्यांना बोअर करणारा खणखणीत आवाज आज पहिल्यांदा कामी आला. तो त्या जिमच्या भिंतींवर जाऊन आपटला. "मिहायस्य पौत्रीम्. झोल्तानस्य पुत्रीम्."

सुलूनं पाणी सोडलं. धार नंदाच्या शालूवर, श्रीरंगच्या मांडीवर, सगळीकडे गेली. कांचनताईंनी पदरानं डोळे टिपले, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. केअरटेकर दारातच उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यालाच ठाऊक.

झोल्तानराव ओक्साबोक्शी रडत होते. टकलावर शिरा तटतटलेल्या, नाक वाहतंय, आणि हात तर मुलीच्या हाताखाली अडकलेले, पुसणार कशानं? शेवटी मीच पुढे होऊन त्यांच्या उपरण्यानं त्यांचं नाक पुसलं. जरा वेळानं त्यांनी मोठा श्वास घेतला, हळूच हात काढून घेतले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. संपलं असं त्यांना वाटलं.

"अहो, बसा बसा, झोल्तानराव," उल्हास म्हणाला. "हे तीनदा म्हणायचं असतं."

"तीनदा?"

"तीनदा. अजून दोनदा राहिलंय."

झोल्तानराव खाली बसले. त्यांनी हात सोवळ्याला कोरडे पुसले आणि पुन्हा पोरांच्या हातांखाली धरले.